इन्व्हेस्टमेंट बँकर बाईंचं काम नेमकं काय असतं?

१० नोव्हेंबर २०२१ रोजी नायका ही सौंदर्यप्रसाधनं विकणारी कंपनी शेअर बाजारात आली. आयपीओत, म्हणजे कंपनीच्या शेअरांच्या पहिल्या जाहीर विक्रीत, ११२५ रुपयांना मिळालेला शेअर त्या दिवशी बाजार बंद होताना २२०० रुपयांच्या वर होता. कंपनीच्या संस्थापक फाल्गुनी नायर यांचं नाव त्यानंतर घरोघरी पोचलं. बातम्यांमध्ये त्यांची ओळख करून दिली जायची ती 'माजी इन्व्हेस्टमेंट बँकर' अशी.

बँकेत कुठल्या तरी मोठ्या हुद्द्यावर असतील, असं समजून बहुतेकजण पुढे सरकले. नायर १९९३ ते २०१२ अशी जवळजवळ एकोणीस वर्षं कोटक महिंद्रा समूहात होत्या आणि शेवटी समूहाच्या इन्व्हेस्टमेंट बँकेच्या व्यवस्थापकीय संचालक होत्या. खातं, कर्ज, पासबुक यांच्याशी त्या कामाचा फारसा संबंध नव्हता. मग ते काम होतं तरी काय? ते एकदा कळलं की आयपीओचा भाव कसा ठरतो तेही कळतं. आणि या क्षेत्रात वरच्या खुर्च्यांवर बायका इतक्या मोजक्या का, याचं उत्तरही त्या कामाच्या पोटातच सापडतं.

## ठेवी नाहीत, पासबुक नाही

साधी बँक लोकांच्या ठेवी घेते आणि कर्ज देते. इन्व्हेस्टमेंट बँक मुख्यतः दोन कामं करते. कंपन्यांना शेअर किंवा रोखे विकून भांडवल उभं करून देणं हे एक. एका कंपनीने दुसरी विकत घेताना, किंवा दोन कंपन्या एकत्र होताना, भाव, अटी आणि वाटाघाटी सांभाळणं हे दुसरं. भारतात पहिलं काम करायचं तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, 'मर्चंट बँकर' म्हणून नोंदणी लागते. त्याचे नियम १९९२ चे आहेत आणि वेळोवेळी बदलत आले आहेत.

बाजार समितीतला अडत्या ज्यांनी पाहिलाय त्यांना हे काम लगेच समजेल. शेतकरी कांदा घेऊन येतो, अडत्या व्यापारी गोळा करतो, लिलाव पुकारतो, सौदा ठरला की आपली अडत घेतो. माल त्याचा नसतो, पैसेही त्याचे नसतात. त्याच्याकडे असते ती ओळख आणि भावाचा अंदाज. पण एक गोष्ट बारकाईने बघायला हवी. शेतकरी हंगामात दोन-चारदा येतो, व्यापारी मात्र रोज समोर असतो. अडत्याने कोणाची मर्जी जास्त राखावी?

इन्व्हेस्टमेंट बँकरपुढे हाच प्रश्न रोज असतो. कंपनी आयुष्यात एकदाच आयपीओ आणते. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड हे बँकरचे 'व्यापारी'. त्यांना तिला पुढच्या महिन्यातही दुसऱ्या कुठल्या तरी इश्यूसाठी, म्हणजे शेअरविक्रीसाठी, फोन करायचा असतो. फरक एवढाच की महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाज्यांची अडत खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आला, तर आयपीओत बँकरचं शुल्क विकणाराच देतो.

## भाव ठरतो कसा?

मोठी कंपनी आयपीओ आणायचं ठरवते तेव्हा एकाहून जास्त बँका नेमते. त्यांना लीड मॅनेजर म्हणतात. नायकाच्या इश्यूला सहा होत्या, आणि त्यात नायर यांची जुनी कंपनीही होती.

पहिले काही महिने तपासणीत जातात. कंपनीची खाती, करार, कोर्टातले खटले, प्रवर्तकांचे (कंपनी उभी करणाऱ्या मालकांचे) व्यवहार, जमिनींची कागदपत्रं, सगळं वकिलांसोबत बसून चाळलं जातं. यातून प्रॉस्पेक्टसचा, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीच्या माहितीपत्रकाचा, मसुदा तयार होतो आणि तो सेबीकडे जातो. सेबी प्रश्न विचारते, उत्तरं जातात, पुन्हा प्रश्न येतात. इथे चूक राहिली तर जबाबदारी कंपनीइतकीच बँकरचीही असते, कारण माहिती खरी आणि पुरेशी असल्याचं प्रमाणपत्र सेबीला तिनेच दिलेलं असतं.

मग येतो रोड शो. बँकर कंपनीच्या प्रमुखांना घेऊन मोठ्या फंडांकडे जाते. बंद खोलीत तासभर प्रश्नोत्तरं होतात. तुमचा नफा पुढच्या वर्षी वाढेल कशावरून? तुमचा मोठा ग्राहक सोडून गेला तर? फंड मॅनेजर तोंडाने काय बोलतो यापेक्षा तो कुठल्या प्रश्नावर थबकला, याकडे अनुभवी बँकरचं लक्ष असतं. अशा अनेक बैठका झाल्या की हे शेअर कुठल्या भावाला किती जातील, याचा नकाशा तिच्या डोक्यात तयार होतो. त्यावरून किंमतपट्टा ठरतो. नायकाचा होता १०८५ ते ११२५ रुपये. वरची किंमत खालच्या किमतीच्या १२० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, असा सेबीचा नियम आहे. इश्यू खुला झाला की कोण कुठल्या भावाला किती शेअर मागतोय याची नोंद होत जाते आणि शेवटी भाव पक्का होतो.

आता त्याच महिन्यातले दोन आयपीओ शेजारी ठेवून बघा. नायकाचा शेअर पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट झाला. आठवडाभराने, १८ नोव्हेंबरला, पेटीएम बाजारात आली. इश्यू १८,३०० कोटींचा, भाव २१५० रुपये. पहिल्या दिवशी शेअर सुमारे २७ टक्के पडला. लोकांनी एका बँकर चमूला शाबासकी दिली आणि दुसऱ्याला शिव्या. पण विकणाऱ्याच्या बाजूने विचार करा. नायकाच्या इश्यूत बहुतेक शेअर जुन्या भागधारकांनी विकले होते. त्यांनी ११२५ ला दिलेला शेअर संध्याकाळी २२०० ला विकला जात होता. त्यांच्या दृष्टीने माल स्वस्तात गेला. पेटीएममध्ये विकणाऱ्याला भरघोस मिळालं आणि घेणारा पोळला. दोन्ही बाजूंना बरोबर वाटेल असा भाव क्वचितच असतो. म्हणूनच माझ्या मते इन्व्हेस्टमेंट बँकरची खरी परीक्षा गणिताची नसते. प्रवर्तक समोर बसून 'आणखी शंभर रुपये वाढवा' म्हणत असताना त्याला 'नाही, एवढा भाव बाजार देणार नाही' असं सांगता येणं, आणि सांगूनही काम हातात राहणं, ही परीक्षा आहे.

## वर जाण्याची शिडी

या व्यवसायात शिडी जवळपास सगळीकडे सारखीच असते. अॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर. हुद्द्यांच्या नावांनी दबून जायचं कारण नाही. व्हाइस प्रेसिडेंट ही इथे मधली पायरी आहे आणि एका कंपनीत असे बरेच असतात.

खालच्या दोन पायऱ्यांवर एक्सेल आणि सादरीकरणं. कंपनीची किंमत पाच पद्धतींनी काढा, त्यातलं एक गृहीतक बदललं की सगळी पानं पुन्हा करा, आणि ते सकाळच्या बैठकीआधी करा. रात्री दोन-तीनपर्यंत बसणं यात नवल नाही. प्रत्येक व्यवहाराला सांकेतिक नाव असतं, एखाद्या नदीचं, ताऱ्याचं, डोंगराचं. 'प्रोजेक्ट अमुक' म्हणजे कुठली कंपनी हे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही सांगायचं नाही, घरी तर नाहीच, कारण बाहेर न आलेली माहिती वापरून शेअर घेणं-विकणं हा गुन्हा आहे. आई विचारते, 'एवढं काय काम असतं गं?' आणि मुलीला खरंच सांगता येत नाही.

मधल्या पायरीवर काम चालवण्याचं असतं. वकील, ऑडिटर, सेबी, कंपनी या सगळ्यांना तारखेला बांधून ठेवायचं. आणि मग वरच्या दोन पायऱ्यांवर कामाचं स्वरूपच बदलतं. आता तुम्ही काम किती चांगलं करता हे कोणी विचारत नाही, ते गृहीत धरलेलं असतं. विचारतात ते एवढंच: या वर्षी किती डील आणल्यात?

डील आणणं म्हणजे दहा वर्षं आधीपासून एखाद्या उद्योगपतीशी संबंध ठेवणं, एक रुपया मिळत नसताना सल्ला देणं, आणि तो एक दिवस फोन करून म्हणेल 'कंपनीतला हिस्सा विकायचा विचार आहे', त्या दिवसाची वाट बघणं. इथे पोचलेल्यांनाच ज्येष्ठ बँकर म्हणतात.

नैना लाल किडवई यांची वाट यासाठी बघण्यासारखी आहे. चार्टर्ड अकाउंटंट झाल्यावर त्यांनी १९८२ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून एमबीए केलं. तिथून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. परत येऊन त्या ग्रिंडलेज बँकेत लागल्या, १९९४ मध्ये मॉर्गन स्टॅनलेत गेल्या आणि २००२ मध्ये एचएसबीसीत. ऑक्टोबर २००० मध्ये विप्रोचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले, तो त्यांच्या कारकिर्दीतला मोठा व्यवहार. परदेशी गुंतवणूकदार भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांकडे नव्याने वळत होते तो काळ. तिथल्या नियामकाला पटतील अशी खाती मांडायची, तिथल्या फंडांना बंगळुरूची कंपनी समजावून सांगायची, आणि तेही त्या वर्षी तंत्रज्ञान शेअरांचा फुगा फुटलेला असताना. २००६ मध्ये त्या एचएसबीसी इंडियाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१३ मध्ये फिक्की या उद्योगसंघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

कल्पना मोरपारिया यांची वाट अगदी वेगळी. परदेशी पदवी नाही, एमबीए नाही. कायदा शिकून १९७५ मध्ये त्या आयसीआयसीआयच्या विधी विभागात लागल्या. तेहतीस वर्षं तिथे काढली, सहव्यवस्थापकीय संचालक झाल्या, आणि २००८ मध्ये जेपी मॉर्गनने त्यांना भारतातल्या कारभाराची प्रमुख म्हणून नेलं. करारातलं प्रत्येक कलम वाचणारी व्यक्ती मोठ्या व्यवहारात किती मोलाची असते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

## मग अशा बायका थोड्याच का?

खालच्या पायऱ्यांवर मुली आता भरपूर दिसतात. वर जाता जाता त्या विरळ होतात. याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'तास फार, घर सांभाळून जमत नाही.' मला ते अपुरं वाटतं. सगळ्यात वाईट तास अॅनालिस्टचे असतात आणि तिथे मुली टिकून असतात. गळती होते ती पुढे.

शिडीचं आणि वयाचं गणित मांडून बघा. एमबीए करून पंचविशीत लागलेली मुलगी बत्तीस ते अडतीसच्या दरम्यान 'काम चालवणारी'पासून 'डील आणणारी' व्हायची असते. नेमकी हीच वर्षं बहुतेक घरांत बाळंतपणाची आणि लहान मुलांची. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ती हवीच होती. पण रजेमुळे नोकरी वाचते, गिऱ्हाईक वाचेलच असं नाही. सहा महिन्यांत तिचा उद्योगपती दुसऱ्या सहकाऱ्याशी बोलायला लागलेला असतो. ती परत येते तेव्हा हुद्दा तोच असतो, फोन मात्र दुसऱ्याला जातो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. संबंध जुळतात ते ऑफिसात कमी आणि बाहेर जास्त: गोल्फ कोर्सवर, क्लबात, रात्रीच्या जेवणानंतर. पुरुष प्रवर्तक आणि पुरुष बँकर तिथे सहज बसतात. बाई बसली तर चर्चा होते, न बसली तर डील जाते. आणि तिसरी, मला सर्वात खटकणारी: वरिष्ठ तिच्या वतीने परस्पर निर्णय घेतात. 'मूल लहान आहे, सिंगापूरला कशाला पाठवायचं तिला?' हेतू चांगला असतो. पण तिला विचारलेलं नसतं, आणि सिंगापूरला गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या बढतीच्या यादीत येतं.

## 'पण आपल्याकडे तर बँकांच्या प्रमुख बायका झाल्या की'

झाल्या, आणि तो अभिमानाचा भाग आहे. एकट्या आयसीआयसीआयमधून ललिता गुप्ते, कल्पना मोरपारिया, शिखा शर्मा, चंदा कोचर, रेणुका रामनाथ अशी नावं पुढे आली. शिखा शर्मा २००९ मध्ये अॅक्सिस बँकेच्या प्रमुख झाल्या, आणि त्याआधी आयसीआयसीआयची इन्व्हेस्टमेंट बँक उभी करण्यात त्यांचा वाटा होता.

पण हे उदाहरण माझ्याच म्हणण्याला बळ देतं. आयसीआयसीआय ही मोठी संस्था होती. तिथे गिऱ्हाईक संस्थेचं असे, कुणा एकाचं नव्हे. रजेवरून परतलेल्या बाईला नवा विभाग देता यायचा, नवं काम उभं करायला सांगता यायचं. ना. वाघुल आणि के. व्ही. कामत यांच्यासारख्या प्रमुखांनी जबाबदाऱ्या देताना बाई की पुरुष हे पाहिलं नाही. लहान डील हाऊसमध्ये मात्र कमाई माणशी मोजली जाते आणि वर्षाच्या शेवटी बोनस त्यावरच ठरतो. तिथे सहा महिन्यांचा खंड थेट आकड्यात दिसतो. तरीही अपवाद आहेत. मनीषा गिरोत्रा यांनी यूबीएसच्या भारतातल्या कारभाराची धुरा सांभाळली आणि नंतर मोएलिस ही परदेशी इन्व्हेस्टमेंट बँक भारतात उभी केली.

## 'कायद्याने बाई संचालक नेमायला लावलीच आहे ना?'

कंपनी कायदा २०१३ नुसार सूचिबद्ध कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला हवी. सेबीने पुढे जाऊन बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना एप्रिल २०२० पासून किमान एक स्वतंत्र महिला संचालक सक्तीची केली. पण हा नियम शेअर विकणाऱ्या कंपनीच्या मंडळासाठी आहे. तो शेअर बाजारात आणणाऱ्या बँकेच्या चमूत कोण असावं, याबद्दल तो काही सांगत नाही.

## 'या सगळ्या खात्यापित्या घरच्या. सामान्य मुलीचं काय?'

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. किडवई यांचे वडील विमा कंपनीचे प्रमुख होते. फाल्गुनी नायर मुंबईतल्या व्यापारी कुटुंबातल्या, सिडनहॅम आणि मग १९८५ मध्ये आयआयएम अहमदाबादमधून बाहेर पडलेल्या. इंग्रजी, ओळखी, घरी मदतीला माणसं, हे सगळं या वाटेवर उपयोगी पडतं. नगर किंवा लातूरहून सीए होऊन आलेल्या मुलीला ते आयतं मिळत नाही. पण या क्षेत्रात शिरण्याचा एक दरवाजा तिच्यासाठीही उघडा आहे. इन्व्हेस्टमेंट बँका आयआयएमबरोबर सीएंनाही घेतात, आणि सीएची परीक्षा आडनाव बघत नाही. आत शिरल्यावर लागणारी ओळखपाळख मात्र तिला स्वतःच उभी करावी लागते, आणि तिथे तिला हात देणारी ज्येष्ठ बाई वर असणं किंवा नसणं यानं मोठा फरक पडतो.

## 'शेवटी ही दलालीच. यात कौतुक काय?'

दलाली आहेच, शुल्कावर चालणारा व्यवसाय आहे. आणि तो चुकतोही. नायकाचंच बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयपीओआधीच्या गुंतवणूकदारांवरची एक वर्षाची विक्रीबंदी संपत होती. कंपनीने नेमक्या त्याच सुमारास एका शेअरवर पाच बोनस (फुकटचे) शेअर द्यायचं ठरवलं. बोनस मिळाला की मूळ शेअरचा भाव त्या प्रमाणात खाली येतो, आणि बोनस शेअर वर्षाच्या आत विकले तर त्यावरच्या नफ्याला जास्त दराने कर लागतो. त्यामुळे जुन्या गुंतवणूकदारांनी लगेच विकू नये म्हणून हा मुहूर्त साधला, अशी टीका झाली. यात नियम मोडला गेला नव्हता. पण बाजाराचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या व्यक्तीच्या कंपनीकडून हे यावं, ते मलाही रुचलं नाही.

तरीही मधली व्यक्ती काढून टाकली तर काय उरतं? कारखाना वाढवायला शेकडो कोटी हवे असलेली कंपनी एकीकडे, आणि आपली थोडी बचत गुंतवणारे लाखो लोक दुसरीकडे. त्यांच्यामध्ये कुणीतरी कागद तपासलेले असावेत, आणि खोटं निघालं तर कुणाला तरी पकडता यावं, यासाठी हा व्यवसाय कायद्याने बांधलाय.

## आयपीओत पैसे टाकण्याआधी

मोबाइलवर यूपीआयने अर्ज करायला दोन मिनिटं लागतात. त्याआधी प्रॉस्पेक्टस उघडा. सेबीच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. शेकडो पानं बघून घाबरू नका, तीन-चार जागा पुरेशा आहेत.

इश्यूचा पैसा कंपनीत येणार आहे की जुने भागधारक आपला हिस्सा विकून बाहेर पडणार आहेत, हे पहिल्याच पानांवर लिहिलेलं असतं. दोन्हींत वाईट काही नाही, पण विकणारा कोण आणि किती विकतोय हे माहीत असावं. लहान गुंतवणूकदारांसाठी किती वाटा राखीव आहे तेही बघा. सततच्या नफ्याची अट पूर्ण करणाऱ्या कंपनीत तो किमान ३५ टक्के असतो. ती पूर्ण न करणाऱ्या कंपन्यांत, नायकासारख्या, तो १० टक्क्यांवर येतो, आणि मग अर्ज लागण्याची शक्यता तशीच घटते. इश्यूच्या भावाला आधार काय, यावर एक स्वतंत्र प्रकरण असतं. त्यात त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांशी तुलना दिलेली असते. तुलनेला कोणत्या कंपन्या घेतल्यात आणि कोणती सोयीस्करपणे गाळलीय, ते तपासा.

आणि एक तक्ता सहसा कोणी बघत नाही. प्रत्येक लीड मॅनेजरने याआधी आणलेले इश्यू, त्यांचा भाव, आणि बाजारात आल्यानंतर ३०, ९० आणि १८० दिवसांनी तो किती वर किंवा खाली होता, हे त्यात छापणं बंधनकारक आहे. ज्या बँकेचे इश्यू सहा महिन्यांत सातत्याने खाली आलेत, तिने ठरवलेल्या भावाकडे जरा सावधपणे बघावं.

मुखपृष्ठावर प्रत्येक लीड मॅनेजरच्या लोगोखाली तक्रारीसाठी ईमेल आणि संपर्क व्यक्तीचं नाव असतं. तिथे अधूनमधून मुलींची नावं दिसतात. ही नावं बहुधा काम चालवणाऱ्या चमूतली असतात. डील कोणी आणली, प्रवर्तकाचा पहिला फोन कोणाला गेला होता, ते प्रॉस्पेक्टसमध्ये कुठेच छापलेलं नसतं.